गोलाईलगतची मिळकत

निजामाच्या अमदानीत फैयाजुद्दीन नामक नगररचनाकाराने आखलेली आणि 1917 साली मध्यवर्ती दुमजली इमारतीच्या रूपाने उभी राहिलेली लातूरची गंजगोलाई ज्याने एकदा तरी सावकाश फिरून पाहिली असेल, त्याला हे निराळे सांगावयास नको की, जगदंबेच्या मंदिराला मध्यबिंदू कल्पून आखलेल्या त्या वर्तुळाला 16 रस्ते येऊन मिळतात, आणि सराफापासून चर्मकारापर्यंत व गुळापासून मिरचीपर्यंत एकेका व्यवसायाने एकेक रस्ता आपला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवला आहे. अशाच एका रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या एका वाड्याविषयी मामा-भाच्यांत झालेले बोलणे मी येथे उतरवून काढीत आहे. मामा त्या वाड्याचे मालक, आयुष्यभर आडतीच्या धंद्यात घालवलेले. भाचा नांदेडचा, स्थापत्य अभियंता, गेली काही वर्षे इमारती बांधून विकणारा. मला बोलावणे आले ते वाड्याचे जुने उर्दू दस्तऐवज वाचता येणारा एक निवृत्त महसुली नोकर म्हणून. माझ्या मताची गरज तेव्हा कोणासच नव्हती.

वाडा कसा आहे, हे आधी सांगितले पाहिजे. दगडी जोत्यावर उघडणारी ढेलज, तिच्या दोहों बाजूंस रस्त्याकडे तोंड केलेली तीन दुकाने, आत चौकोनी चौक, सागवानी खांबांवर तोललेली लादनी आणि तिच्यावर हातभर जाडीची माती. मागल्या सोप्याच्या भिंतीत धान्याचे बळद आहे आणि चौकातले पेव फार पूर्वीच बुजवून त्यावर फरशी घातली आहे. दुकानांत एक बारदानवाला, एक कासार व एक घड्याळ दुरुस्त करणारा असे तीन भाडेकरू बसतात. त्यांच्या भाडेपावत्यांवरील आकडे वाचून आजच्या वाचकास हसू येईल. खरेदीखत 1334 फसलीचे, म्हणजे इसवी सनाच्या 1924-25 चे. त्यात चतुःसीमा लिहिताना पूर्वेकडील रस्त्यास ‘शारेआम’ म्हटले आहे, आणि मामांच्या आजोबांनी आपली सही मोडीत केली आहे.

भाच्याने नकाशा पसरला. “मामा,” तो म्हणाला, “या जागेचे मोल तुम्हांस कळत नाही असे मी म्हणणार नाही; पण तुम्ही ते मोल आडतीच्या काट्यावर करता. लातूरचा बाजार आता तुरीचा आणि सोयाबीनचा राहिला आहे तितकाच तो विद्येचाही झाला आहे. परभणी-हिंगोलीपासून सोलापुरापर्यंतची मुले वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी येथे येतात, पुष्कळदा त्यांच्या आयाही सोबत येऊन खोली करून राहतात, आणि उद्योग भवनाच्या बाजूचा ट्युशन एरिया पाहिलात तर तेथे अभ्यासिका, खाणावळी, कॉफीची दुकाने आणि वसतिगृहे यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. ती गर्दी आता गावभर पसरू पाहते आहे. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर दुकाने, त्यावर दोन मजले अभ्यासिकेचे आणि वर राहण्याच्या खोल्या, अशी इमारत गोलाईपासून चार पावलांवर उभी राहिली, तर तिच्यात जागा मागायला लोकांनी रांग लावावी. 2020 च्या डिसेंबरात राज्याने एकत्रिकृत विकास नियमावली आणली, तिच्यामुळे आमच्या नांदेडला आणि तुमच्या लातूरला, अधिमूल्य भरून, पूर्वी नाकारले जात होते तेवढे चटईक्षेत्र मिळू शकते. तुम्ही जागा द्यावी, बांधकामाचा खर्च मी करावा, आणि बांधलेले क्षेत्र निम्मे-निम्मे वाटून घ्यावे. याहून सरळ व्यवहार दुसरा कोणता?”

“सरळ व्यवहार,” मामा म्हणाले, “सरळ जमिनीवर होतो. माझी जागा सरळ आहे का, ते आधी सांग.”

या प्रश्नात म्हाताऱ्याचा अनुभव होता. वर्तुळाला मिळणाऱ्या दोन रस्त्यांमधील जागा स्वभावतःच पाचरीच्या आकाराची असते. तोंड अरुंद, पाठ रुंद. जुन्या बांधणाऱ्याला त्याची अडचण नव्हती, कारण त्याची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली असे व ढेलजेच्या दाराने पाचरीचे तोंड पुरे होई. परंतु आज इमारतीच्या बाजूंनी मोकळे अंतर सोडावयाचे, मोटारींना उतार द्यावयाचा, दोन जिने आणि उद्वाहन बसवावयाचे म्हटले म्हणजे जे तोंड विकून पैसा उभा राहावयाचा तेच तोंड सर्वांत आधी खाल्ले जाते. भाच्याने हे मान्य केले. शेजारच्या दोन मिळकती सोबत घेऊन एकत्रीकरण करावे लागेल, असे त्याने सांगितले, आणि ते सांगताना त्याचा आवाज किंचित खाली आला, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

“म्हणजे,” मामा म्हणाले, “तुझी एक इमारत, आणि गोलाईच्या तोंडचे तीन वाडे गेले. उद्या दुसरा कोणी पलीकडच्या रस्त्यावर हेच करील. फैयाजुद्दीनने जे वर्तुळ काढले ते कागदावर नव्हे, या दुकानांच्या ओळीने काढलेले आहे. ओळ आत-बाहेर झाली की मधोमध देऊळ राहील, पण गोलाई राहणार नाही. सराफांच्या रस्त्यावर सराफ का बसतात? भाव विचारणारा माणूस एका दमात दहा दुकाने फिरू शकतो म्हणून. त्या रस्त्यावर तू अभ्यासिका आणि कॉफीचे दुकान घालशील, तर भाडे चौपट मिळेल हे खरे. पण गुळाच्या रस्त्यावरून गूळ गेल्यावर खेड्यातला माणूस गुळासाठी या रस्त्यावर येईलच कशाला?”

“खेड्यातला माणूस गुळासाठी आताही तालुक्याच्या बाजारातच जातो, मामा. गोलाईत तो लग्नाच्या बस्त्याला येतो, आणि त्याला वाहन उभे करायला जागा मिळत नाही म्हणून पुढल्या खेपेस येत नाही. पुण्या-मुंबईचे उदाहरण मी देत नाही, आमच्या नांदेडचे देतो. 2008 साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. देशभरातून आणि परदेशातून यात्रेकरू येणार म्हणून केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा आला, रस्ते रुंद झाले, पूल झाले, गोदावरीचे घाट बांधले गेले. जुन्या शहरातली कित्येक घरे पुढून कापली गेली, तेव्हा लोक रडले. आज त्यांतल्या कोणाला विचारा, रस्ता पुन्हा अरुंद करू का? एकजण हो म्हणणार नाही.”

“नांदेडला पैसा सरकारचा होता आणि निमित्त गुरु गोविंदसिंहजींचे होते,” मामा म्हणाले. “तुझा पैसा बँकेचा, आणि निमित्त नफ्याचे. दोन्ही वाईट नाहीत. पण एकाची बरोबरी दुसऱ्याशी करू नये. आणि नांदेडचेच सांगायचे तर उस्मानशाही गिरणीचे सांग ना. शहराच्या पोटात एवढी मोठी जागा. गिरणी चालू होती तोवर भोंग्यावर घड्याळे लावणारे लोक होते. गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, बंद पडली. त्या जागेवर आता काय व्हावे यावर सर्वांचे मत आहे, कामगाराचे काय झाले यावर कोणाचेच नाही.”

येथे मी मध्ये बोललो, कारण गिरण्यांचा विषय निघाला की मुंबईची हकीकत आठवल्यावाचून राहत नाही. 1991 च्या तेथील विकास नियमावलीत, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर साधारण एकेक तृतीयांश भाग महापालिकेच्या मोकळ्या जागेस, परवडणाऱ्या घरांस आणि मालकास, अशी वाटणी ठरली होती. 2001 साली एका दुरुस्तीने ही वाटणी सबंध जमिनीची नव्हे, तर फक्त त्या वेळी रिकाम्या असलेल्या जमिनीची, असा अर्थ झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. लोअर परळचे आजचे चकचकीत रूप त्या एका शब्दबदलातून आले आहे. सांगावयाचा मुद्दा इतकाच होता की, अशा व्यवहारांत कोणाला काय मिळणार याचा निकाल आराखड्यात लागत नाही, तो मजकुरात लागतो. दोघांनीही माझे म्हणणे ऐकून घेतले, व दोघांनीही ते आपापल्या बाजूचेच आहे असे मानले.

“मजकुराचेच म्हणाल तर,” भाचा म्हणाला, “त्यापुढे एक भिंतीचा प्रश्न आहे. मामा, ही भिंत पाहा.” आणि त्याने मागल्या सोप्याच्या भिंतीतील एक पोपडा नखाने काढला, आत चिखलात बसवलेले ओबडधोबड दगड होते, बाहेरचा थर व आतला थर यांना जोडणारा आडवा दगड कोठेच दिसत नव्हता, आणि दोन थरांमधली जागा खडी-मातीने भरलेली होती. “30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते निजले होते तेव्हा, किल्लारी-सास्तूरला जी माणसे गेली ती भूकंपाने गेली असे आपण म्हणतो. ती गेली या भिंतीने आणि वरच्या मातीने. अशी भिंत फुगते, उभी चिरते, बाहेरचा पापुद्रा बाहेर पडतो आणि आतला आत. मग लादनी सगळ्या वजनानिशी खाली येते. किल्लारी येथून फार दूर नाही. तुमच्या खालच्या दुकानात तो घड्याळवाला दिवसभर याच भिंतीला पाठ लावून बसतो. परंपरा जपायची म्हणून त्याने तिथे बसावे काय?”

मामा गप्प राहिले. माझ्या मते या ठिकाणी भाच्याचे म्हणणे निर्विवाद होते, आणि वाड्यांविषयी हळवेपणाने लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते आधी ऐकले पाहिजे. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला म्हणजे ती मजबूत होते, हा गैरसमज भूकंपानंतरही कित्येक घरांत तसाच राहिला आहे. गिलावा फक्त फुगवटा झाकतो.

थोड्या वेळाने मामा म्हणाले, “भिंत उतरवायची, हे मला मान्य. भूकंपानंतर 52 गावे उठवून नव्या जागी वसवली, तीही मी पाहिली आहेत. घरे पक्की आहेत. रस्ते इतके रुंद की या दारातून त्या दारात हाक पोचत नाही. म्हातारी माणसे सांगत, आम्ही मेलो नाही, पण गाव मेले. मला भिंत नको. ढेलजेत बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा माणूस दिसतो, ते हवे. ते तुझ्या नकाशात कुठे आहे, दाखव. आणि पाणी दाखव. 2016 च्या एप्रिलात धनेगावचे धरण आटले आणि मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीला 10 डबे होते, प्रत्येकात सुमारे 50 हजार लिटर. आम्ही स्टेशनात जाऊन ते डबे पाहिले. त्या शहरात तू मजल्यावर मजला चढवतोस.”

“पाणी मजला पीत नाही, माणूस पितो,” भाचा म्हणाला. “मुले तर आलेलीच आहेत, मामा. ती गावाबाहेर पत्र्याच्या खोल्यांत राहतात, तेथे टँकरचे पाणी पितात, आणि तेथील सांडपाणी उघड्यावर वाहते. मध्यवस्तीत राहिली तर निदान नळ आणि गटार तरी आहे. गच्चीवरचे पावसाचे पाणी मी कूपनलिकेत सोडीन, तो नियमच आहे.” हे उत्तर चोख होते, पण नियम असणे आणि पाणी मुरणे यांत अंतर आहे, हे त्यालाही ठाऊक होते, म्हणून त्याने विषय लांबवला नाही.

मग भाडेकऱ्यांचा विषय आला, आणि बोलण्याला खरी धार आली. मराठवाड्यात 1954 चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा होता. तो जाऊन 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा 1999 चा कायदा सर्वत्र लागू झाला. या कायद्याखाली इमारत पाडून नवी बांधावयाची असल्यास मालकाला भाडेकऱ्याकडून कब्जा मागता येतो, परंतु नकाशे मंजूर पाहिजेत, पैसा हाताशी पाहिजे, आणि नव्या इमारतीत भाडेकऱ्याला पूर्वीइतके क्षेत्र दिले पाहिजे. भाच्याचा बेत निराळा होता. तिघांनाही रोख रक्कम देऊन मोकळे करावे, असे त्याने सुचवले. बारदानवाला राजी होईल, कासार घासाघीस करील, आणि घड्याळवाल्याला तर मुलगाच नाही. “हिशेब असा आहे,” तो म्हणाला, “की पुढल्या तोंडाच्या तीन गाळ्यांवरच सबंध इमारतीचा नफा आहे. ते जुन्या भाड्याने अडकले तर मी हा धंदा कशाला करू?”

“म्हणजे नफा जागेत नाही,” मामा म्हणाले, “त्या तिघांना उठवण्यात आहे. हे आधी सांगितले असते तर नकाशा पाहण्याचे श्रम वाचले असते.”

भाच्याला हे लागले. त्याने कायद्याचा आधार घेतला: राजीखुशीने कब्जा सोडणे गुन्हा नाही, आणि पागडीलाही 1999 च्या कायद्याने मान्यता दिली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण गोलाईच्या तोंडावरचा गाळा सोडणारा कासार त्या रकमेत गोलाईत दुसरा गाळा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. त्याला मिळते ते रिंग रोडच्या पलीकडे एक शटर, जेथे बांगड्या भरायला कोणी बाई पायी जाणार नाही.

मामांना मी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना ठाऊक नव्हती. विकसन करारनामा करून व कुलमुखत्यारपत्र देऊन आपण मोकळे झालो, अशी जी मालकांची समजूत असते ती 2017 नंतर फोल झाली आहे. रेरा कायदा आल्यापासून बांधलेल्या क्षेत्रात हिस्सा घेऊन तो विकणारा जागामालक सह-प्रवर्तक गणला जातो. ग्राहकाला वेळेवर ताबा मिळाला नाही तर जाब मालकालाही विचारला जाऊ शकतो. मामांनी भाच्याकडे पाहिले. भाच्याने मान डोलावली. हे त्याने स्वतःहून सांगितले नव्हते.

आता ज्या कागदासाठी मला हे लिहावेसे वाटले त्याकडे येतो. दस्तऐवजांच्या गाठोड्यात, 1334 फसलीच्या खरेदीखताखाली, एक अलीकडचा मुद्रांक होता: मामांच्या बहिणीने, म्हणजे या भाच्याच्या आईने, वडिलांच्या पश्चात दिलेले हक्कसोडपत्र. भावाने साडी नेसवावी आणि बहिणीने वाटा सोडावा, ही आमच्याकडील सर्वमान्य रीत. त्यात कोणी फसवले अशी भावनाही नसते. पण कागदावर नोटरीचा शिक्का होता, दुय्यम निबंधकाची नोंद नव्हती. स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त 1908 च्या कायद्याप्रमाणे नोंदवला गेला नसेल तर तो हक्क सुटतच नाही. 1956 च्या उत्तराधिकार कायद्याने मुलीला वाटा होताच. 2005 च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला, आणि बाप त्या दिवशी हयात असो वा नसो, तो हक्क तिला आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले. म्हणजे ज्या वाड्याचे मामा एकटे मालक म्हणून बोलत होते आणि भाचा ज्याला निम्म्या हिश्श्याने विकसित करण्यास आला होता, त्या वाड्यात भाच्याची आई सहमालक होती.

मी ते वाचून दाखवले. मामा म्हणाले, “ताईने काही मागितलेले नाही.”

“तिला कोणी विचारलेही नाही,” भाचा म्हणाला, आणि मग, बहुधा आपण काय बोललो ते ध्यानात येऊन, “मला हे ठाऊक नव्हते, मामा.” त्यावर माझा विश्वास बसला. पण त्या क्षणापासून तो ज्या खुर्चीवर बसला होता ती खुर्ची बदलली होती: इतका वेळ तो विकसक म्हणून मामांशी घासाघीस करीत होता, आता तो वारसाचा मुलगा होता, आणि ज्या करारात एका बाजूला त्याची आई सही करणार होती त्याच करारात दुसऱ्या बाजूला त्याची स्वतःची सही पडणार होती. अशा कागदावर उद्या कोणत्याही वकिलाने बोट ठेवावे.

दोघांनी त्यानंतर मला माझे मत विचारले, म्हणून ते येथे देतो. वाडा पाडावा, ती भिंत दुसरा भूकंप सोसणार नाही. नवी इमारत गोलाईच्या ओळीत, ढेलजेच्या जागी उघडा सोपा ठेवून, शेजारच्या वाड्यांना न गिळता, आटोपशीर मजल्यांची व्हावी. नफा कमी होईल, होऊ द्यावा. वरच्या मजल्यांवर मुलांच्या खोल्या खुशाल काढाव्यात, तेथे भाच्याचा अंदाज बरोबर आहे. परंतु त्याआधी तीन कागद नोंदवले गेले पाहिजेत, आणि याच क्रमाने: पहिला, बहिणीचा हिस्सा निश्चित करणारा वाटणीपत्राचा दस्त, तिला हवा असेल तर तिचा वाटा देऊन, सोडावयाचा असेल तर तो रीतसर सोडवून, दुसरा, तिन्ही भाडेकऱ्यांशी, नव्या इमारतीत रस्त्याकडील तळमजल्याचा तेवढाच गाळा देण्याचा करार, आणि तिसरा, विकसनाचा. तो तिसरा करार भाच्याने करू नये. त्याने आपल्या आईच्या बाजूने बसून दुसऱ्या कोणा विकसकाचा मजकूर वाचावा. तसे वाचणारा माणूस त्या घरात त्याच्याइतका जाणता दुसरा नाही.

मामांनी हे मान्य केले आहे. भाच्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.